पेरूला पाणी कधी घालायचं

फोन दुपारी आला. कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून उन्हात टाकल्या होत्या आणि मी नुकतीच आत येऊन टेकले होते. आमच्याकडच्या वाशी गावाहून वहिनींचा फोन यायचा तो सकाळी, देवपूजा झाल्यावर. भर दुपारी कधी नाही. त्यामुळे मी पहिल्याच रिंगला उचलला. "वन्सं, हे उठंनात..." एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "झोपले असतील वहिनी, हलवून बघा." त्या म्हणाल्या, "हलवून बघितलं." पुढं त्यांच्याकडच्या पंख्याची घरघर मला ढोकीत, माझ्या सासरी, ऐकू येत राहिली.

अण्णा माझे थोरले भाऊ. उभी हयात एसटीत ड्रायव्हर, निवृत्तीनंतर वाशीतल्या घरी ते आणि वहिनी दोघंच. मुलगा महेश पुण्यात कंपनीत. घर साधंच, पण मागं परस मोठं. शेवगा, कढीपत्ता, मोरीपाशी अळू, कुंपणावर दोडक्याचे वेल, आणि मधोमध पेरूची दोन झाडं. अण्णांचा सगळा जीव त्या दोन झाडांत होता. दुपारी जेवून परसाच्या दारात बाज टाकून ते पडायचे, तोंड पेरूकडं करून. त्या दुपारीही तसेच पडले होते.

मी पोचले, दिवस मावळताना महेशही येऊन ठेपला. मग माणसं अण्णांना घेऊन गेली आणि मागं आम्ही बायका रिवाजाप्रमाणे घर धुवायला लागलो. उन्हाळा सरत आला की आमच्या भागात पाण्याचे किती हाल असतात ते वेगळं सांगायला नको. नळ आला तर आला. त्यामुळे शेजारच्या काकूंनी फरशीचं पाणी बादलीत गोळा केलं आणि वाया कशाला घालवायचं म्हणून पेरूच्या आळ्याकडं निघाल्या. वहिनी तोवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या, कोण आलं कोण गेलं इकडं लक्ष नव्हतं. त्या एकदम उठल्या आणि ओरडल्या, "तिकडं न्हाय! पेरूला पाणी न्हाय घालायचं!" काकू बादली धरून जागीच थांबल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दुःखानं डोक्यावर परिणाम झाला, असं एकीनं माझ्या कानात सांगितलंसुद्धा. मला मात्र ते पटेना. कारण याच पाण्यापायी वहिनी वर्षानुवर्षं अण्णांशी भांडत आल्या होत्या, आणि तेव्हा त्यांची बाजू नेमकी उलटी होती.

भांडण काय होतं ते सांगते. अण्णांच्या गाडीत एकदा केबिनशेजारी एक बागवाला बसला होता. त्यानं सांगितलं की पेरूला बारमाही पाणी देत बसलं तर फळ येत राहतं, पण बेचव. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, आळ्यातली माती उकरून उन्ह खाऊ द्यायची, पानं गळेपर्यंत थांबायचं. याला ताणावर सोडणं म्हणतात. मग उन्हाळा संपता संपता बेतानं पाणी सुरू केलं की झाड जोरात फुटतं, फुलावर येतं आणि थंडीत असे पेरू देतं की खाणाऱ्यानं नाव काढावं. अण्णांना हे पटलं, आणि अण्णांना एखादी गोष्ट पटली की ती घरातल्या सगळ्यांना पटलीच पाहिजे असा त्यांचा खाक्या होता. अक्षय्य तृतीया झाली की परसात जाहीर हुकूम सुटायचा. पेरूच्या आळ्यात चूळसुद्धा भरायची नाही. खरकटं पाणी शेवग्याला, अंघोळीचं अळवाला. पाहुणा हात धुवायला मागं गेला तर अण्णा त्याच्या मागोमाग जायचे. माझ्या सासरची माणसं त्यावरून मला चिडवायची, की तुझ्या भावाच्या घरी हातावर पाणी घ्यायला पोलीस बंदोबस्त लागतो.

आता वहिनींचं ऐका. त्यांचं माहेर तामलवाडीकडचं. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं, की वैशाखात तहानलेल्याला पाणी द्यायचं, माणूस असो, चिमणी असो की झाड. त्या महिनाभर तुळशीवर थेंब थेंब पाण्याची गळती बांधायच्या, पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवायच्या आणि रोज सकाळी झाडाला घागरभर पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. आणि त्याच वैशाखात त्यांच्या दारातली दोन फळती झाडं नवरा मुद्दाम तहानेनं वाळवत होता. "लेकरासारखी झाडं हायती. दारात उभी करून त्यांचं पाणी तोडायचं? हे पाप कुठं फेडायचं?" असं त्या मला विचारायच्या. अण्णांना विचारायची सोय नव्हती. ते म्हणायचे, "पाप माझ्या नावावर टाक आन गप बस."

एका उन्हाळ्यात वहिनींना राहवलं नाही. अण्णा कुठल्याशा लग्नाला गेलेले बघून त्यांनी दोन्ही झाडांना घागर घागर पाणी घातलं. मग चटकच लागली, रोज चोरून थोडं थोडं, वर कोरडी माती ओढून. अण्णा रोज आळ्यात बघायचे आणि त्यांना कळेना की यंदा पानं का गळत नाहीत. पावसाळ्यात झाडं हिरवीगार झाली आणि फूल मात्र औषधालासुद्धा आलं नाही. तेव्हा वहिनींनी कबूल केलं. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. अण्णांनी अबोला धरला. पावसाळाभर घरात दोघंच आणि बोलणं नाही. जेवायची वेळ झाली की अण्णा कढीपत्त्याकडं बघून म्हणायचे, "कुणाचं झालं असंल तर ताट वाढावं." वहिनी तुळशीला सांगायच्या, "वाढलंय म्हणावं." मी समजूत घालायला गेले तर दोघांनीही मलाच आपापल्या बाजूनं साक्षीला धरलं. हसू यायचं, पण त्या घरात तेव्हा एक दिवस काढणं म्हणजे शिक्षा होती. भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हायचं.

अबोला सुटला तो थंडीत. वहिनींनी बाजारातून पेरू आणले, फोडी केल्या, तिखटमीठ लावून बशी अण्णांपुढं ठेवली. अण्णांनी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "पानचट हाय." वहिनी म्हणाल्या, "मग?" झालं, त्या एका शब्दावर गाडी रुळावर आली. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम बघायला गेले, की आता काय होतंय. तर सकाळी सकाळी माझा हा तापट भाऊ, ज्यानं आयुष्यात घरातला तांब्या इकडचा तिकडं केला नव्हता, खांद्यावर घागर घेऊन रस्त्याकडं चाललेला. मागं वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन. रस्त्याच्या कडेला एक कडुलिंब आहे, येणारा-जाणारा सावलीला थांबतो. अण्णांनी तडजोड काढली होती, वैशाखाचं पाणी त्या लिंबाला. पेरू आपला, लिंब तुझा. घागर मात्र तेच वाहायचे, कारण वहिनींचे गुडघे धरलेले. लोक हसायचे. अण्णा लोकांकडं न बघता पाणी ओतायचे आणि रिकामी घागर घेऊन माघारी फिरायचे.

ही तडजोड शेवटपर्यंत टिकली. पण एक गोष्ट अण्णांनी कुणालाच सांगितली नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. ताण कधी तोडायचा ते. ते रोज सकाळी झाडापाशी जायचे, नखानं साल जराशी खरवडायचे, आळ्यातली माती मुठीत दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाय." कधी उन्ह जास्त म्हणून लवकर पाणी द्यायचे, कधी वळवाचा शिडकावा झाला म्हणून लांबवायचे. एक दिवस अचानक उठून कोमट उन्हात आळी बांधायला घ्यायचे, शेणखत टाकायचे आणि अर्धी अर्धी बादली पाणी द्यायचे. पहिलं पाणी हलकं, हे तेवढं बोलून दाखवायचे. बाकी सगळं त्यांच्या डोक्यात. उशीर झाला तर झाड मरतं, घाई झाली तर फूल येत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण लवकर म्हणजे कधी आणि उशीर म्हणजे कधी, हे माहीत असलेला माणूस ताण सुरू असतानाच निघून गेला.

सुतकाचे ते दिवस मी त्या घरात काढले. माणसं यायची, बसायची, चहा घेऊन उठायची, आणि आमचं तिघांचं लक्ष परसाकडं. ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नाही. पेरूची पानं आधी तांबूस झाली, मग वळली, मग वाऱ्यासरशी परसभर पसरायला लागली. वहिनी रोज सकाळी उठून झाडापाशी जायच्या. अण्णांसारखंच नख लावायच्या, अण्णांसारखीच माती मुठीत धरायच्या आणि उभ्या राहायच्या. एकदा मी मागं जाऊन विचारलं, "काय वाटतंय?" तर म्हणाल्या, "हे बघायचे तसंच बघते वन्सं. पण हेन्ला काय दिसायचं तेच मला दिसंना." महेशनं फोनवर शोधलं. एकानं सांगितलं महिना पुरे, दुसऱ्यानं सांगितलं जमीन भारी असली तर दोन महिने. आमच्या परसातली जमीन भारी की हलकी यावर महेश आणि शेजारचे काका वाद घालत बसले. वहिनींनी कुणाचंच ऐकलं नाही आणि पाणीही घालू दिलं नाही.

महेशचं मला कळत होतं. पोरगा वाईट नाही. आईला रक्तदाब, गुडघे गेलेले, रात्री-अपरात्री काही झालं तर त्याला पुण्याहून पोचायला अर्धा दिवस. त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की तेरावा झाला की घराला कुलूप लावायचं आणि आईला घेऊन जायचं. एके दिवशी जेवताना त्यानं ते बोलून दाखवलं. वहिनी ताटातला भात चिवडत म्हणाल्या, "पेरूचं बघते आन मग सांगते." महेशचा तोल गेला. म्हणाला, "आई, ती झाडं वाळली. सगळे सांगायलेत. वाळलेल्या झाडांसाठी तू एकटी इथं राहणार का?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण शब्द सुटला होता. वहिनींनी ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "वाळली असली तर येते तुझ्यासंगं. तुझ्या आत्याम्होरं कबूल करते. पर जित्ती निघाली तर मला इथनं हलवायचं न्हाय. आज बी न्हाय आन फुडं बी न्हाय." महेश म्हणाला, "चालेल." आणि हात धुवायला उठला.

त्यानंतर घरात जे काही सुरू झालं ते मला नकोसं झालं. आधी निदान रडू होतं, आता जणू निकाल लागायचा होता. वहिनींचं घर, त्यांची चूल, तुळस, तीस-चाळीस वर्षांचा शेजार, सगळं त्या दोन काटक्यांवर टांगलेलं, आणि त्यांना स्वतःला कळत नव्हतं की आज पाणी घालावं की उद्या. एका सकाळी मी सहज एका फांदीला हात लावला तर ती कट्कन तुटून हातात आली. आत तांबडी, कोरडी ठक्क. मी ती पदराआड घेऊन वळले तर वहिनी दारात. "दावा," म्हणाल्या. मी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "बारकी फांदी वाळतीच." पण त्या दिवशी त्यांनी दुपारी जेवण घेतलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, घाला की आता पाणी. घाई झाली तर झाली, यंदा फूल नाही आलं म्हणून काय बिघडलं? झाडं तरी जगतील." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. म्हणाल्या, "त्यांनी सोडलेली हायती वन्सं. एकदा मी त्यांच्या मागं तसं केलं. आता ते न्हायती तर परत करू?"

तेराव्याच्या आदल्या दिवशी पाण्याचा टँकर मागवून परसातला हौद भरून घेतला. दुसऱ्या दिवशी गावजेवण नसलं तरी भावकी, सोयरे, शेजारपाजार, पंगत मोठी होती. किराणा आला, भांडी आली. दुपारी सगळी थकून जरा आडवी झाली. माझा डोळा लागतोय तोच पाण्याच्या मोटारीचा आवाज आला. आधी वाटलं शेजारची असेल. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आवाज आपल्याच परसातून येतोय. मी उठून मागच्या दाराशी गेले. महेश पेरूच्या आळ्यात अनवाणी उभा होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात पाइप. दोन्ही आळी भरून वाहत होती, पाणी शेवग्याला वळसा घालून पार कुंपणाखालून बाहेर निघालं होतं, आणि त्याचं भान त्याला नव्हतं. मी म्हटलं, "महेश, काय करायलास रे?"

तो दचकला. पाइप हातातून सुटला, पण तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "आत्या, मेली असती गं ती." मी म्हटलं, "मग तुझ्याच मनासारखं झालं असतं की. आई आली असती पुण्याला." त्याचा चेहरा असा झाला होता की मला तो तिसरीतला महेश आठवला, अण्णांच्या हाताखाली आळ्यात माती ओढणारा. मग म्हणाला, "अण्णांना जाऊन अजून तेरा दिवस नाही झाले. आल्यापासून रोज खिडकीतून बघतोय. आज नाही बघवलं..." मी काही बोलणार तेवढ्यात मागं चाहूल लागली. वहिनी आल्या होत्या.

त्या पायरी उतरून खाली आल्या. चिखल बघितला, वाहून गेलेलं पाणी बघितलं, हौदात वाकून बघितलं. तळ दिसत होता. मग महेशकडं बघितलं. आता काय होतंय याची मला धास्ती वाटली, कारण त्या घरात आळ्यातल्या पाण्यावरून काय काय घडलं होतं ते मी जवळून पाहिलेलं. वहिनींनी मोटार बंद केली आणि म्हणाल्या, "पयलं पाणी हलकं द्यायचं असतंय, येड्या. आता नुसता पाला येईल." महेश म्हणाला, "येऊ दे." वहिनी पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. फोनवर त्या रडल्या नव्हत्या, अण्णांना नेताना रडल्या नव्हत्या, दहाव्याला घाटावर रडल्या नव्हत्या. आता मात्र थांबेनात. महेश चिखलाचे पाय घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाला घरात पाणी उरलं नव्हतं, ते वेगळंच. टँकरवाला फोन उचलेना. शेवटी शेजारच्या काकूंनी गल्लीत सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत घराघरातून कळशी, हंडा, बादली येत राहिली. तेरावा पार पडला. जेवून जाणाऱ्या कुणाला कळलंही नाही की हौद कशानं रिकामा झाला. महेशनं आणखी आठ-दहा दिवस रजा वाढवली. चिखल सुकून आळी वाफसली, मग एका सकाळी जाड फांद्यांवर, अगदी खोडापाशी, तांबूस हिरवे ठिपके दिसले. त्यानंच आधी पाहिले. आईला हाक मारली, दाखवले, आणि आत जाऊन आपली एकट्याची बॅग भरली. जाताना मला म्हणाला, "आत्या, महिन्यातून एकदा तरी इकडं ये." मी म्हटलं, "तूही ये."

हे लिहितेय तेव्हा मी वाशीतच आहे. आभाळ रोज भरून येतंय आणि तसंच पुढं जातंय. पेरू पाल्यानं भरलेत, इतके की बाजेवर पडलं तर पलीकडचं कुंपण दिसत नाही. कळी मात्र अजून एकही नाही, आणि आता येईल असं वाटत नाही. यंदाच्या थंडीत या घरात पेरू नाहीत. महेशचा रोज फोन येतो, आधी तब्येत विचारतो आणि लगेच पेरू. वहिनी त्याला सांगतात, "पाला हाय लई. शेळी पाळावी म्हणते." अण्णांची बाज तिथंच आहे, परसाच्या दारात. दुपारी तिच्यावर वहिनी पडतात, तोंड झाडांकडं करून. काल मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्या मध्येच म्हणाल्या, "फुडल्या वैशाखात मीच सोडणार हाय ताणावर. हळूहळू कळंल की, कधी तोडायचा ते. एखादं साल चुकंल." मला खरंच वाटेना. ज्या बाईनं सगळा जन्म या गोष्टीला पाप म्हटलं तीच हे बोलत होती. मी म्हटलं, "अन् पाप लागलं तर, वहिनी? ते म्हणायचे माझ्या नावावर टाक. आता कुणाच्या नावावर टाकायचं?"

त्यांनी माझ्या सुपातली एक शेंग उचलून सोलली आणि दाणे परत सुपात टाकले. "लागू द्या," म्हणाल्या. "वर गेल्यावर त्यांच्यासंगं भांडायला कायतरी पायजेच की."